साखर काढल्यावर उरते ते कुणाचे?

गळिताच्या दिवसांत सांगलीहून माधवनगरकडे निघाले की नाकाला एक वास यायचा. गोडसर, आंबूस, थोडा करपट. नवखा पाहुणा रुमाल काढी आणि बरोबरचा सांगलीकर मनातल्या मनात सुखावे, कारण त्या वासाचा अर्थ कारखाना सुरू झाला, उसाची मोळी पडली, चार पैसे फिरू लागले, असा होता. तो वास मळीचा. उसाच्या रसातली निघेल तेवढी साखर काढून घेतल्यावर मागे राहणारी काळी, चिकट, काकवीसारखी दिसणारी पण काकवीइतकी भाग्यवान नसलेली ही वस्तू. काकवी भाकरीबरोबर ताटात येते. मळीची विल्हेवाट लावावी लागते, निदान एके काळी लावावी लागे.

वसंतदादा पाटील हे नाव निघाले की लोकांना तुरुंगाच्या तटावरून मारलेली उडी आठवते, नाहीतर १९७८ साली कोसळलेले मंत्रिमंडळ आठवते. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि दोन्ही पुष्कळदा सांगून झालेल्या. पण या माणसाच्या आयुष्याला आणखी एक धागा होता. शाळेशी ज्याचे नाते फार काळ टिकले नाही, त्या माणसाच्या पुढाकाराने उसावर संशोधन करणारी देशातली एक मोठी संस्था उभी राहिली. मळीत, चिपाडात आणि पाचटात काय दडले आहे याचा शोध तिथे आजही चालू आहे. तोच धागा आज धरावा म्हणतो.

दादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा, कोल्हापूरचा. तान्हेपणीच साथीच्या रोगात आई-वडील दोघेही गेले. सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या पद्माळे गावी आजीने नातवाला वाढवले. त्या काळचा कृष्णाकाठ म्हणजे आजच्यासारखा बारमाही हिरवा नव्हे. नदी पायाशी वाहायची आणि काठावरचे रान पावसाकडे डोळे लावून बसायचे. ज्याच्याकडे मोट आणि विहीर, त्याच्याकडे चार वाफे ऊस. तो ऊस गुऱ्हाळावर जाई, रस काहिलीत पडे आणि चिपाड उन्हात वाळून त्याच काहिलीखालच्या चुलाणात जळे. उसाचा रस उसाच्याच चिपाडावर आटवायचा, हा हिशेब कुणा शास्त्रज्ञाने शिकवलेला नव्हता. गुऱ्हाळावर काही वाया जात नाही. जळणही घरचे, राखही रानाची. कृष्णाकाठच्या पोराने हे लहानपणापासून पाहिलेले असणार.

मग आले १९४२. सांगली हे तेव्हा संस्थान होते आणि आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहत होते आणि दादा सांगलीत भूमिगत होते. पकडले गेल्यावर गणेशदुर्गातल्या तुरुंगात त्यांना ठेवले. २४ जुलै १९४३ रोजी भर दिवसा दादा आणि त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांना चुकवून तटावर चढले आणि खंदकात उड्या टाकून नदीकडे पळाले. पाठलाग झाला, गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोन तरुण कामी आले. दादांच्या खांद्यात गोळी शिरली आणि ते पुन्हा पकडले गेले. १९४६ साली सुटले तेव्हा वय तिशीच्या आत होते आणि गाठीला दोन मित्रांचे मरण होते.

स्वातंत्र्यानंतर अशा माणसांपुढे दोन वाटा होत्या. मानपत्रे घेत राहायची किंवा नव्याने काम शोधायचे. १९५२ साली दादा विधानसभेवर निवडून गेले, पण त्यांचा जीव रमला तो सहकारात. नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना चालू करून दाखवला होता. ते लोण दक्षिणेत आले. साताऱ्याकडे रेठऱ्याला कृष्णा कारखाना झाला, साखराळ्याला राजारामबापूंनी उभारला आणि सांगलीला लागूनच दादांनी शेतकरी सहकारी साखर कारखाना काढला. एका वेळी तो आशियातल्या सर्वांत मोठ्या सहकारी साखर कारखान्यांत मोजला जाई. नदीवर सहकारी उपसा योजना झाल्या, पाणी माळावर चढले आणि उसाचे रान वाढत गेले. १९६७ साली दादांना पद्मभूषण मिळाले ते या कामासाठीच, असे म्हणायला हरकत नाही.

पण कारखाना आणि गुऱ्हाळ यांत एक फरक होता, आणि इथेच आपल्या गोष्टीला वळण लागते. आकडे सोपे आहेत. एक टन ऊस गाळला की सांगली-साताऱ्याच्या मातीत ११० ते १२० किलो साखर मिळते, २८० ते ३०० किलो ओलसर चिपाड निघते (कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात) आणि ४० ते ४५ किलो मळी उरते. चिपाड बॉयलरमध्ये जाते, ते गुऱ्हाळासारखेच. मळीचे काय करायचे? गुऱ्हाळावर हा प्रश्नच नव्हता, कारण तिथे सगळा रस गुळात उतरतो. कारखान्याच्या आवारात मात्र मळीची तळी साचू लागली.

या मळीत जवळजवळ निम्मी आंबवता येण्याजोगी साखर असते. दाणे धरणार नाही, चहात घालता येणार नाही, पण यीस्टला चालेल अशी. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारा तोच सूक्ष्म जीव. मळी पाण्याने पातळ करायची, तीत यीस्ट सोडायचे आणि दीडेक दिवस वाट पाहायची. यीस्ट साखर खाते आणि तिचे दोन भाग करते. शंभर किलो ग्लुकोजमागे जास्तीत जास्त ५१ किलो मद्यार्क मिळतो, उरलेला कर्बवायू होऊन उडून जातो. पिंपात साधारण ८ ते १० टक्के मद्यार्क झाला की यीस्ट आपल्याच कमाईत गुदमरू लागते. मग ऊर्ध्वपातन करून मद्यार्क वेगळा काढायचा. टनभर मळीतून सव्वादोनशे-अडीचशे लिटर मिळतो. त्यातले शेवटचे थोडे पाणीही काढून टाकले की ते पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे इथेनॉल होते.

हे सारे साहेबांच्या काळापासून ठाऊक होते. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यासाठी देशात १९४८ साली कायदासुद्धा झाला होता. मग अडले कुठे? महाराष्ट्रात ते अडले दारूबंदीत. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि मळी ही त्या कायद्याच्या नजरेत दारूची आई ठरली. परवान्याशिवाय ती हलवता येईना. पुढे १९६१ साली केंद्राच्या आदेशाने मळीचा दरही सरकारच ठरवू लागले आणि तो दर नाममात्र असे. ज्या पिढीने १९३० साली दारूच्या दुकानांपुढे निरोधने केली, त्याच पिढीच्या हातात आता मद्यार्काचा कच्चा माल होता. कारखान्याच्या वार्षिक सभेत गांधी टोपी घालून मद्यार्काच्या नफ्याचा अहवाल ऐकायचा, हे दृश्य आपल्या सहकाराने पुष्कळ वर्षे पाहिले. यात कुणी ढोंग शोधेल. मला त्यात कोंडी दिसते. मळी ओढ्यात सोडावी तर पाणी नासते, विकावी तर भाव नाही आणि आंबवावी तर मन खाते.

कारखानदारीने त्यातून रासायनिक उद्योगाची वाट धरली. रंग, औषधे, प्लास्टिक यांना औद्योगिक मद्यार्क लागतो. तो पिण्याजोगा राहू नये म्हणून मुद्दाम बिघडवून विकला जाई. सांगलीच्या कारखान्यातही साखरेला जोडून आसवनी आली. अर्थात सगळाच मद्यार्क रंगात आणि औषधांत गेला नाही. राज्यातली दारूबंदी पुढे सैल होत गेली आणि मळीच्या दारूने खेड्यापाड्यांतले किती संसार पोखरले, हे घरोघरीच्या बायकांना विचारावे. सहकाराच्या गौरवगाथेत हे पान सहसा वगळतात. वगळू नये.

आसवनीचे दुसरे देणे म्हणजे सांडपाणी. लिटरभर मद्यार्कामागे दहा-बारा लिटर काळेतपकिरी स्पेंटवॉश बाहेर पडते. कृष्णा-वारणाकाठच्या लोकांना त्याची ओळख करून द्यायला नको. मेलेले मासे काठाला लागले की पहिला संशय त्यावरच जाई.

हे प्रश्न एकट्या कारखान्याच्या आवाक्यातले नव्हते. उतारा का घटतो, बेणे का बिघडते, यीस्ट मध्येच का मरते, स्पेंटवॉशचे काय करायचे, याची उत्तरे प्रयोगशाळेत होती आणि प्रयोगशाळा सरकारच्या किंवा विद्यापीठांच्या. दादा १९७२ नंतर राज्याचे पाटबंधारे मंत्री होते; दुष्काळाची ती वर्षे. पाणी आणि ऊस यांचे नाते किती अवघड आहे, हे त्या खात्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होते. १९७५ साली पुण्याजवळ मांजरी बुद्रुक येथे डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन झाली, ती दादांच्या पुढाकाराने. तिची घडण ध्यानात घेण्याजोगी आहे. सहकारी कारखान्यांनी आणि ऊस उत्पादकांनी उभारलेली, गाळलेल्या उसाच्या टनामागे वर्गणी देऊन चालवलेली ही संस्था. म्हणजे वाळव्याचा किंवा कराडचा शेतकरी मोळी टाकतो तेव्हा त्या मोळीतले काही पैसे प्रयोगशाळेच्या काचेच्या नळीत जातात. बियाण्यापासून मद्यार्कापर्यंत सगळे एका छपराखाली. फार थोड्या पिकांच्या वाट्याला असे भाग्य आले आहे. कापसाला, कांद्याला, भुईमुगाला असे दादा मिळाले नाहीत, ही रुखरुख दुष्काळी तालुक्यांतले लोक बोलून दाखवतात आणि तीही गैर नाही.

योगायोग असा, की त्याच १९७५ साली ब्राझीलने उसाच्या मद्यार्कावर मोटारी चालवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचे भाव चढवले होते, त्याचा हा परिणाम. ब्राझील त्या वाटेने पुढे निघून गेला. आपल्याकडे मद्यार्काची मागणी रसायनांना आणि दारूला इतकी होती, की पेट्रोलच्या टाकीपर्यंत तो पोचायला आणखी पाव शतक लागले.

नंतरचे राजकारण थोडक्यात सांगतो. दादा १९७७ ला मुख्यमंत्री झाले, १९७८ ला पायउतार झाले, १९८३ ला पुन्हा आले आणि १९८५ ला बाहेर पडले. त्या दुसऱ्या खेपेस विनाअनुदान अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना त्यांनी परवानगी दिली. त्यावर आजही दोन तट पडतात. पुढे ते राजस्थानचे राज्यपाल झाले, तेही पद सोडून परतले आणि १ मार्च १९८९ रोजी गेले. त्याच वर्षी मांजरीच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले.

मळीचे शास्त्र आता जुने झाले. खरा कस चिपाडाचा आणि पाचटाचा आहे. दादांच्या नावाच्या संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ज्यावर अनेकांनी वर्षे घातली, तो प्रश्न घरगुती भाषेत मांडून पाहतो.

चिपाडातही साखर असते, पण ती भिंतीत चिणलेली असते. सेल्युलोज ही विट, हेमिसेल्युलोज हा गारा आणि लिग्निन हे वरून फासलेले डांबर. वाफेने किंवा पातळ आम्लाने आधी डांबर आणि गारा सैल करायचा, मग बुरशीपासून मिळणारी विकरे घालून विटा फोडायच्या. यातून साखर सुटते, पण ती एका जातीची नसते. विटांतून ग्लुकोज मिळते, गाऱ्यातून मुख्यतः झायलोज. आणि आपले पावाचे यीस्ट पक्के आवडीनिवडीचे. ते ग्लुकोज मिटक्या मारीत खाते आणि झायलोजला तोंड लावत नाही. म्हणजे एवढी खटपट करून हाती आलेली साखर, तिच्यातला तिसरा हिस्सा तरी पिंपात तशीच पडून राहते.

झायलोज खाणारे यीस्टही निसर्गात आहे. पिकिया नावाच्या कुळातली एक जात सडक्या लाकडाशी संबंध असलेल्या किड्यांच्या पोटात सापडते. तिला झायलोज चालते, पण तिचे नखरे वेगळे. तिला थोडी हवा लागते, तर पहिल्याला मद्यार्क करायला हवा नकोच. तिला मद्यार्क फारसा सोसत नाही. आणि समोर ग्लुकोज असले की तीही आधी ग्लुकोजच खाते, झायलोज मागे ठेवते. म्हणून दोघांना एकत्र नांदवण्याची युक्ती पुढे आली. पावाच्या यीस्टने ग्लुकोज झटपट संपवायचे आणि मग दुसरीने झायलोजकडे वळायचे. कुणाला आधी सोडायचे, किती प्रमाणात, हवा किती खेळवायची, ऊब किती ठेवायची, यावर सगळे ठरते. आपल्याकडे दोन शेतकरी पैऱ्याने काम करतात, एकाचा बैल आणि दुसऱ्याची कुळवणी, तसेच हे. पैरा जमला तर दोघांचे रान पेरून होते. बिनसला तर दोघांचीही वाफ जाते. वाफेच्या आणि आम्लाच्या प्रक्रियेत काही विषारी घटकही तयार होतात, ते दोघांनाही बाधतात. काही शास्त्रज्ञांनी पैऱ्याचा नाद सोडून पावाच्या यीस्टमध्येच झायलोज खाण्याची जनुके घातली आहेत. दोन्ही वाटा चालू आहेत.

साताऱ्याने या कामात वेगळी भर घातली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, जी १९६८ साली सुरू झाली, उसाऐवजी गोड ज्वारी निवडली. कणीस माणसाला, पाने गुराला आणि ताटातल्या रसाचे इथेनॉल. ते सूर्याच्या उष्णतेवर ऊर्ध्वपातन करून काढण्याचे आणि त्यावर चालणाऱ्या चुली व कंदील बनवण्याचे प्रयोग तिथे झाले. ज्वारीला उसाच्या मानाने पाणी कितीतरी कमी लागते. माण-खटावच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दादा गेल्यावर बारा वर्षांनी, २००१ साली, पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प देशात तीन ठिकाणी झाले. उत्तर प्रदेशात बरेलीकडे एक, महाराष्ट्रात मनमाडला एक आणि दुसरा मिरजेला. मिरज म्हणजे दादांच्या घरचेच अंगण. तिथून सुरू झालेले मिश्रण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. पण यात चिपाडाचा वाटा नगण्य आहे. मळी, उसाचा रस आणि धान्य यांवरच गाडी चालते, आणि २०२४-२५ मध्ये तर निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्याचे होते. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा कर्ज काढून आसवन्या वाढवलेल्या कारखान्यांचे तोंड कडू झाले. खाण्याच्या मालावर इंधन उभे केले की असे होणारच. चिपाड-पाचटाला ही भीती नाही, ते कुणी खात नाही. पानिपतला २०२२ साली भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा मोठा प्रकल्प उभा राहिला. त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचे. वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल असा त्याचा आराखडा आहे. म्हणजे टनाला दीडशे लिटर.

हे ऐकून आपल्या भागातला शेतकरी दोन गोष्टी विचारतो. पहिली पाचटाची. एकरी तीन-चार टन पाचट निघते, ते सरीत कुजवा म्हणून गेली कित्येक वर्षे मांजरीचेच शास्त्रज्ञ सांगत आले. कृष्णाकाठच्या जमिनी पाण्याने आणि खताने थकल्या आहेत, काही मिठाने पांढऱ्या पडल्या आहेत. त्यांना पाचटाचे सेंद्रिय खत हवेच. मग ते पेट्रोलच्या टाकीत घालायचे का? माझे मत विचाराल तर आधी रान, मग टाकी. चिपाडाचे तसे नाही, ते आधीच कारखान्यात आलेले असते. पण त्यावर आता वीज तयार होते आणि विकली जाते, त्यामुळे इथेनॉलला ते फुकटात मिळणार नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. उसाचा किमान दर साखरेच्या उताऱ्यावर ठरतो. मळीचा, विजेचा, इथेनॉलचा पैसा शेतकऱ्यापर्यंत पोचतो का, हा वाद दादांच्या काळीही होता. १९७४ च्या भार्गव आयोगाने जादा नफ्यात शेतकऱ्याचा निम्मा वाटा सांगितला होता. २०१२ साली रंगराजन समितीने साखर आणि उपपदार्थ मिळून होणाऱ्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा उसाला द्यावा अशी शिफारस केली आणि महाराष्ट्राने पुढल्या वर्षी त्या धर्तीवर कायदा केला. तरी दर दिवाळीला सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या अडवल्या जातात. दादांचा स्वतःचा कारखानाही कर्जात अडकला आणि भाडेपट्ट्याने चालवायला द्यावा लागला. सभासदाला वर्षातून एकदा सवलतीची साखर मिळते. पावतीवर टन लिहिलेले असतात, उतारा लिहिलेला असतो. चिपाडाचा रकाना नसतो.